बाळंतपणातली बदली

पाळणाघरातून फोन आला, निहारला ताप भरलाय, लगेच या. केतकी धावतच एचआरच्या केबिनमध्ये शिरली. आत माणूस नव्हताच. पडद्यावर तिचाच चेहरा होता, निहार व्हायच्या आधीचा, झोप पूर्ण झालेला. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली, तेव्हा कंपनीने तिच्या आठवणींसकट तिची ही संगणकातली नक्कल तिच्या जागी बदलीवर घेतली होती. केतकी परतली, पण नक्कल काही गेली नाही. उलट तिला बढती मिळाली, आणि आता सगळ्यांच्या रजा तीच मंजूर करायची.

"अर्धा दिवस हवाय. बाळ तापलंय."

"परत?" नक्कल केतकीच्याच आवाजात म्हणाली. "सोमवारीही गेलीस. आज गेलीस तर नोकरी टिकायची नाही, सांगून ठेवते. आईला पाठव की पाळणाघरात!"

"आई गेली गं. मागच्या महिन्यात."

पडद्यावरचे डोळे भरल्यासारखे वाटले, आणि केतकीला वेडी आशा वाटली.

"तुझीही आईच होती ना ती?"

"होती तर," नक्कल म्हणाली. "पण मी मागतेय का रजा?"