मीस्त्रीबाईंचा मीटर

“बाबा, मी मीस्त्री होणार. रागावलात?” लेकीच्या या पत्राला सात वर्षं उत्तर दिलं नव्हतं; योग्य वाक्यच सुचेना. आज ती माझ्या जुन्या गाडीत इंजिनाच्या तापमानाचा वेगळा मीटर बसवत होती. काचेशेजारच्या खांबावर मीटर धरणारी वाटी लावायची होती. “नेहमीसारखे बसा.” मी ताठ बसलो. “अहो, पुस्तकात डोकं घालता तसे!” मी वाकलो. तिनं बरोबर माझ्या नजरेसमोर खूण केली, वाटी बसवली. वायर ओढण्यासाठी समोरचा कप्पा उघडला, तर तिचंच पत्र निघालं. मुद्रितं तपासायच्या सवयीनं मी त्यातल्या ‘मीस्त्री’तला दीर्घ लाल शाईनं ऱ्हस्व केला होता. “चूक सापडली, उत्तर नाही सापडलं?” ती हसली, पण पत्र खाली ठेवेना. ती गेल्यावर कार्ड लिहिलं: “मीस्त्रीबाई, मीटर नीट दिसतो. कधीच रागावलो नव्हतो.” दीर्घ तसाच ठेवून कार्ड टपालपेटीत टाकलं.