येतो म्हणा

"दही लागलं, हे पहाटे पाचला कळून मी काय करू?" आणखी एका गिऱ्हाइकाने डेअरीवाल्या तात्यांना झापलं. 'दही लागलं' असा मेसेज डेअरीतून रोज पहाटे सगळ्या गिऱ्हाइकांच्या मोबाईलवर जायचा. त्याला उलट उत्तर पाठवायची सोय नव्हती, त्यामुळे लोकांना घरबसल्या शिव्याही देता येत नव्हत्या. वैतागून ते दुसरीकडून दही घेऊ लागले. शेवटी तात्यांच्या मुलीने, मीनलने, मेसेजखाली एक ओळ घातली: 'नको असल्यास दुकानात येऊन सांगावे.'

दुसऱ्या दिवशी रांग पार पिठाच्या गिरणीपर्यंत गेली. "उरलीसुरली गिऱ्हाइकंही गेली," तात्या पुटपुटले. पण निघालेल्या माणसाला तसंच पाठवायची त्यांच्या घरची रीत नव्हती. मीनल मोबाईलमधून नंबर काढून टाकायची आणि तात्या जड मनाने तळहातावर दही-साखर ठेवायचे.

"जातो म्हणू नका. येतो म्हणा."

"येतो," माणूस म्हणायचा, तळहात चाटायचा, पायरीपर्यंत जायचा आणि मागे वळायचा. "अर्धा किलो बांधा की."

दुपारपर्यंत पातेलं खरवडायची वेळ आली. शेवटी निवृत्त पोस्टमन घोरपडेकाका उरले.

"माझाही नंबर काढा."

मीनलने दोनदा शोधलं. "काका, तुमचा नंबर आमच्याकडे नाहीच."

"मग आधी घाल, मग काढ." काकांनी तळहात पुढे केला.

मीनलने नंबर घातला आणि काढला. तात्यांनी उरलंसुरलं दही ठेवलं, वर साखर जरा सढळच घातली.

"येतो म्हणा."

"येतो ना," काका तळहात चाटत म्हणाले. "उद्या आमच्या हिचा नंबर काढायचाय."