नव्या बिऱ्हाडाचा दिवा

दुकानदारानं भर दुपारी दिवा लावून दाखवला, आणि सोनूबाईनं पदर सावरून त्याला हात जोडले.

दिवा लागला की हात जोडायचे, हे माझगावच्या कोळीवाड्यात शेंबड्या पोरालाही कळतं. पण हे गिरगावातलं काचसामानाचं दुकान होतं. दिवा विलायती, घासलेटचा. बाहेर रस्त्यावर ऊन रणरणत होतं आणि ट्रामचे घोडे फेस गाळत उभे होते. अशा वेळी कोणी दिव्याला नमस्कार करतं का? दुकानातली गिऱ्हाइकं हसली. रमाकांतही हसला. तुळशीदासनं मान खाली घातली.

तुळशीदास सोनूबाईचा एकुलता एक मुलगा. गोदीच्या कचेरीत नुकताच कारकून म्हणून चिकटलेला, डोक्यावर नवं कोरं पागोटं. गोदी कोळीवाड्याच्या दारात, आणि यानं खोली घेतली ती गिरगावात, मुगभाटात. का, ते सोनूबाईनं विचारलं नाही. तिचा हट्ट एवढाच, की नव्या बिऱ्हाडाचा दिवा ती स्वतः घेणार आणि स्वतःच्या हातानं तिथं ठेवणार. त्यासाठी तिनं मासळीची पाटी राखेनं घासून घासून धुतली होती, तळाशी पेंढा घातला होता. खोली तिनं अजून पाहिली नव्हती. दिवा घेऊन थेट तिकडेच जायचं ठरलं होतं.

मायलेक दोघंच असती तर सगळं नीट पार पडलं असतं. पण कचेरीतला रमाकांत, हा गिरगावातच राहणारा, रस्त्यावरून तुळशीदासला पाहून आत शिरला आणि कुठला दिवा चांगला ते सांगत ठाण मांडून बसला. तो आला तशी सोनूबाई आपणहून पायरीकडे सरकली. ही माझी आई, एवढंच तुळशीदासला सांगायचं होतं. सांगू जरा वेळानं, म्हणून तो थांबला. मग दिवा लागला, हसणं झालं, आणि सांगायचं राहूनच गेलं.

दुकानदारानं वात खाली केली. दिवा विझवायचा कसा, तेही दाखवावं म्हणून तो काचेवर वाकला आणि त्यानं गाल फुगवले.

सोनूबाईनं ते पायरीवरून पाहिलं. दिव्यावर फुंकर? घरातला पुरुष दर्यावर असताना दिवा फुंकणं म्हणजे त्याच्याच जिवावर उठणं. तिनं उभ्या जन्मात दिवा फुंकला नव्हता. ओल्या बोटांनी वात चिमटून, हळूच निजवायचा, अशी तिची रीत. आणि हा तर तिच्या पोराचा दिवा. ती धावलीच. पायरीवरच्या पाण्याच्या तांब्यात तिनं बोटं बुडवली आणि दुकानदाराची फुंकर पोचायच्या आत हात घातला. ओली बोटं तापलेल्या काचेला लागली आणि काच तडकली.

दुकानदार बिचारा चिडला नाही. काचा फुटायच्याच, दुसरी बसवून देतो म्हणाला. फक्त, ही बाई कोणाबरोबर आलीय, ते त्यानं विचारलं. सोनूबाईनं भाजलेली बोटं पदरात लपवली. रमाकांत तिच्याकडे आणि मग तुळशीदासकडे बघायला लागला.

"तुळशीदास, ही तुझ्याबरोबर आहे काय रे?"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही.

"पाटीवाली आहे," तुळशीदास म्हणाला. "सामान न्यायला आणलीय."

बोलला मात्र, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतका वेळ आईची लाज वाटत होती. ती काही गेली नाही, वर आता स्वतःचीही वाटायला लागली. सोनूबाईचं तोंड म्हणजे काय, बंदरावर भलेभले दलाल तिला वचकून असत. तिनं आता चारचौघांत एक सणसणीत शिवी हासडावी, असं त्याला मनापासून वाटलं. शिवी दिली असती तर तो सुटला असता. पण सोनूबाईनं पाटी पुढे ओढली. पेंढ्यात गुंडाळलेला दिवा पाटीत ठेवून झाल्यावर तिनं फडक्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि खाली बसली. पाटीला हात द्यायला तुळशीदास पुढे झाला, पण रमाकांत बघत होता. त्यानं नुसतंच पागोटं सारखं केलं. हात दुकानदारानं दिला.

वाटेत रमाकांत बोलत होता. या लोकांना काही शिकवून उपयोग नाही, असं त्याचं म्हणणं. तुळशीदास हो हो करत होता. मागून सोनूबाई चालत होती, पाटीवाल्या चालतात तशी, चार पावलं अंतर ठेवून. रमाकांतची गल्ली आली, तो वळला, दिसेनासा झाला.

तुळशीदास थांबला. आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"आये, दे ती पाटी. मी घेतो."

सोनूबाईनं पाटी दिली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. रस्त्यावर भेटलेल्या कोणाही गिऱ्हाइकाकडे बघावं तसं तिनं त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं,

"घर कुटं हाय तुमचं, शेट?"