नोकरीची अट

ज्योत्स्नाच्या नणंदेला बघायला कळवणहून पाहुणे पंचवटीतल्या घरी आले होते. सासूबाईंनी चहाआधीच बजावलं, "आमची मोहिनी एमबीए फायनान्स आहे. लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. एवढं शिकवलं ते काय भाकऱ्या थापायला?"

"बरोबर आहे हो तुमचं," मुलाची आई म्हणाली आणि चहा घेऊन आलेल्या ज्योत्स्नाकडे वळली. "सूनबाई, तुम्ही किती शिकलात?"

सासूबाईंनी डोळे वटारले. पण या प्रश्नाची ज्योत्स्ना सात वर्षं वाट बघत होती. ट्रे ठेवून, पदर सारखा करून ती अगदी हळू आवाजात म्हणाली,



"आज माझा गुरुवारचा उपास आहे काकू, खोटं नाही बोलायची. मीही एमबीए फायनान्सच. बँकेतली नोकरी सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात सोडायला लावली."