मशीनवालीची हाळी

कुंदाच्या डिजिटल डायरीतले सगळे सेल सासऱ्यांनी काढून फेकून दिले. मिरजेत मोपेडवरून घरोघरी जाऊन ती शिलाई मशीनं दुरुस्त करायची. कोणाकडे कधी जायचं, कोणाचं मशीन कशानं अडलंय, सगळं त्या तळहाताएवढ्या यंत्रात होतं. सेल निघताच ते पुसलं गेलं.

"शेडबाळ्यांची सून दारोदार फिरते म्हणतात लोक. आता बस घरात," सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदानं डायरीत नवे सेल घातले, हत्यारांची पिशवी मोपेडला अडकवली आणि पहिल्याच गल्लीत थांबून हाळी दिली, "शिलाई मशीन दुरुस्ती! शेडबाळ्यांची सून आलीय!"

आधी आवाज चिरकला. दुसऱ्या गल्लीत मोकळा झाला. बायका गॅलरीत आल्या. "अगं, तू उद्या येणार होतीस ना आमच्याकडे?" एकीनं विचारलं.

"उद्या येतेच. पत्ता तेवढा परत सांगा," म्हणत कुंदा बटणं दाबत राहिली. जुनी गिऱ्हाइकं सापडली, नवीही मिळाली.

शेवटी ती स्वतःच्या गल्लीत शिरली. सासरे ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांच्यासमोर उभं राहून तिनं सगळ्यांत मोठ्यानं हाळी दिली. शेजारीपाजारी दारात आले. सासरे पेपरातून डोकं वर काढेनात.

पदराला हात पुसत सासूबाई बाहेर आल्या. "माझं मशीन कधीचं बंद पडलंय. लिहून घे."

"कोणाच्या नावानं लिहू? मामंजींच्या?"

"माझ्या," नवऱ्याकडे न बघता सासूबाई म्हणाल्या. "पद्मावती. नीट लिही."