चोवीस तासांचे ठोके

डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं, तेव्हाच क्रेनवाल्याला वाटलं, आपलं बिंग फुटलं.

चार महिने त्याचं हृदय चुकत होतं. जिन्याची शेवटची पायरीच नसावी, तसा मधूनच एक ठोका गळायचा. मग तीन-चार एकमेकांना ढकलत यायचे. गोळ्या चालू होत्या, बायकोने चहा बंद केला होता, आणि बोलता बोलता स्वतःचं मनगट धरायची त्याला खोड लागली होती. पण साठ मीटर उंचीवरच्या केबिनमध्ये असा माणूस कोण बसवणार? चोवीस तासांची नोंद स्वच्छ आली तर काम, नाहीतर घरी.

म्हणून छातीला तारा लावायचं ते काडेपेटीएवढं यंत्र त्याने दवाखान्यातून तडक धाकट्या भावाकडे नेलं. कुठली तार कुठे, ते कागदावर काढून दिलं, आणि दिवसभरात कधी काय केलं ते लिहायची वहीही दिली. भाऊ उभ्या जन्मात आजारी पडला नव्हता. तो कागद उलटासुलटा करत राहिला, मग म्हणाला, ठेवून जा. शाळा जवळ पडते म्हणून क्रेनवाल्याची मुलगी काकाकडेच राहायची. तिने बापाला फाटकापर्यंत सोडलं, काळजी नको म्हणाली.

आता टेबलावर कागदाची लांब पट्टी पसरली होती.

"वहीत लिहिलंय, पाच वाजता खुर्चीत पेपर वाचत होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हे हृदय तर धावत होतं. आणि इथे बघा."

इथे रेघ सपाट होती. त्याने मनात मोजलं. सहा सेकंद. खोलीत कसलाच आवाज नव्हता. बोटांखाली त्याचे स्वतःचे ठोके पडत होते. वेडेवाकडे, पण पडत होते.

हे गोळ्यांनी भागणारं नाही, त्या म्हणाल्या. आजच भरती व्हायचं. पळणं नाही, पोहणं नाही. "पुढच्या वेळी ते परत सुरू होईलच, असं नाही."

नोकरी गेली तर गेली. त्याने सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत; भावाला आत्ताच्या आत्ता घेऊन या, एवढंच म्हणाल्या.

दार भावानेच उघडलं. क्रेनवाल्याने त्याचा दंड धरून त्याला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि धीर देत देत पट्टीवरचं सगळं सांगितलं. भाऊ पाणी प्यायला नाही. तोंडावर रक्ताचा थेंब राहिला नव्हता.

"दादा, वर्षभर मलाही तुझ्यासारखंच होतंय," तो म्हणाला. "कोणाला बोललो नाही. माझी नोंद घेऊन तुझं काम गेलंच असतं. म्हणून मी ते लावलंच नाही. वही तेवढी मी लिहिली."

"मग लावलं कोणी?"

भावाने घड्याळाकडे पाहिलं.

"पोरगी म्हणाली, बाबांसाठी मी लावते. आज तिची पोहण्याची शर्यत आहे, दादा. आत्ता पाण्यात उतरली असेल."