ओटीतला कळपट्टा

डोहाळजेवणात ओटी भरून झाल्यावर प्रमिलाबाईंनी कळपट्ट्यांची पेटी उघडली. एक पट्टा त्यांनी सुनेच्या, शर्वाणीच्या मनगटाला बांधला. दुसरा तिच्या आईच्या मनगटाला.

"पहिलं बाळंतपण माहेरचं, तेव्हा कळाही माहेरच्यांनीच घ्यायच्या. आमच्या थोरल्या सुनेच्या आईने तर तोंडातून ब्र काढला नाही."

आईने मान डोलावली. पट्टा सैल होता, तो तिने दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"आईची बायपास झालीय," शर्वाणी म्हणाली. "माझी प्रत्येक कळ तिच्या अंगात उतरणार. तिला झेपेल?"

"डॉक्टर असतात की तिथे. भरल्या ओटीने अभद्र बोलू नकोस."

शर्वाणीने आईचा पट्टा सोडवला आणि नवऱ्यासमोर धरला. "निनाद, तू बांध."

जमलेल्या बायका फिसकन हसल्या. निनादने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"वेडी आहेस का? पुरुष कुठे घेतात कळा? रीत आहे ती."

"असू दे." शर्वाणीने आपलाही पट्टा काढला आणि दोन्ही पेटीत टाकले. "माझ्या कळा मीच घेईन. तुमच्या घरातून कुणीच काही सोसणार नाही ना? मग बाळाला आडनावही माहेरचंच लागेल."

"निनाद, ऐकतोयस ना?" प्रमिलाबाई ओरडल्या.

शर्वाणीने पदरातला नारळ काढला आणि सगळ्यांदेखत सासूच्या हातात परत ठेवला.